सरळ दातांचा आरा

अल्लीपुरात कोणाला बैल घ्यायचा झाला की तो आधी तानाबाईच्या ओट्यावर येऊन बसायचा. मिशांना पीळ देणारे बाप्ये, पण बैलबाजारात जाताना या विधवा बाईला बंडीत पुढे बसवून न्यायचे. तानाबाई बैलाचा ओठ वर करायची, जबड्यात अंगठा घालायची आणि सांगायची, "चारदाती हाये, जवान हाये. घे." नाहीतर, "बुढा हाये बापा हा. दात पाय त्याचे, कसे वाकडेतिकडे झाले. तुह्या गळ्यात बांधून राह्यला तो दलाल." दात सरळ, एका ओळीत, भरगच्च असले की जनावर कामाचं. आणखी एक गोष्ट ती पाळायची. दलाल ज्या बैलाच्या पाठीवर थापा मारून तारीफ करील, त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. शाळेत ती दोन पावसाळे गेली होती, त्यातल्या एका पावसाळ्यात तर मास्तरच आला नव्हता. पण या दोन गोष्टींच्या भरवशावर तिनं निम्म्या गावाचे गोठे भरले होते, आणि ते ती कोणाला विसरू देत नव्हती.

नवे पैसे निघाले त्या सालचा हिवाळा होता. जुने आणे कोणते, नवे पैसे कोणते, यात भलेभले बाजारात डोकं धरून बसत. तानाबाई त्यांना हसायची. "माह्या डोक्यात कधी घोळ होत नाई," म्हणायची. "घोळ व्हाले डोकं रिकामं लागते."

तिची नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सासर सिंदी मेघेचं. पाठवणी करताना विहीण रुख्माबाई दारात उभी राहून म्हणाली होती, "इहीनबाई, पोरीले शेकाले बाभळीचे निखारे पायजेत बरं. तुमच्याकडं पऱ्हाट्याच जाळतात म्हणून आयकलं मी."

हे बोलणं तानाबाईच्या घशात मासोळीच्या काट्यासारखं रुतून बसलं. आता, पऱ्हाट्या कोण जाळत नाही? कपाशीच्या वाळल्या काड्या साऱ्या मुलखात जाळतात. पण त्या भडकन पेटतात आणि चहा उकळायच्या आत राख होतात, हेही खरं. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची तर निखारा धरून राहणारं लाकूड हवं. आणि लाकूड नव्हतं असंही नाही. वैशाखाच्या वादळात बांधावरची जुनी बाभूळ पडली होती. कवडूनं, म्हणजे तिच्या पोरानं, फांद्या कधीच तोडून जाळल्या होत्या. बुंधा मात्र बैलजोडीनं ओढून आणून अंगणात टाकला होता, तो तसाच पडून होता. वाळून असा टणक झालेला की कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडच उडायची. लाकडं फोडणारा लहानू हिंगणघाटला कापसाच्या जिनात कामाला लागला होता.

"आरा पायजे," कवडू म्हणाला. "आधी चकत्या कापू, मंग फोडू."

"मंग आणू आरा," तानाबाई म्हणाली. "नवा नाई. नवं जनावर कामाले कसं लागते कोणाले मालूम. वापरलेलाच आणू, पारखून."

हिंगणघाटच्या बाजारात झाडाखाली एकानं जुनं लोखंड मांडलं होतं. नागपुराकडचा माणूस, निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलायचा. त्याच्याकडे दोन आरे होते. दोन्ही लांब, दोन्ही टोकांना लाकडी मुठी, दोघांनी समोरासमोर उभं राहून ओढायचे. एक काळपट, गंजलेला, आणि त्याचे दात असे की एक इकडे पाहतो, एक तिकडे. दुसरा तेल लावून पुसलेला, त्याचे दात एका ओळीत, शाळेतल्या पोरांसारखे.

दुकानदारानं काळपट आरा उचलला. "बाई, ये लेव. एकदम मस्त हाये. लकडी ऐसी कापते, जैसे काकडी."

तानाबाईनं लगेच त्याच्याकडे पाठ फिरवली. "अन् तो दुसरा?"

"वो भी हाये. पर ये वाला बढिया."

"ह्याचं वय काय?"

दुकानदार तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. "आरे का वय? बाई, आरा हाये, बैल थोडीच हाये."

तानाबाईनं दोन्ही आऱ्यांच्या दातांवरून अंगठा फिरवला. तेवढ्यात माणसं जमली. बाजारात कोणी काही घेत असलं की ज्याला काही घ्यायचं नसतं तो हटकून शहाणपण शिकवायला येतो. एक म्हणाला, गंजलेलं घ्या, जुनं लोखंड असली असते. दुसरा म्हणाला, गंज म्हणजे लोखंडाचा महारोग. मिरच्या विकणारी एक बाई उठून आली आणि म्हणाली, हलका असंल तो घ्या, हात दुखतात. एकानं तर आरा धनुष्यासारखा वाकवून सोडला, तो थरथरत कण्हला, तेव्हा सारे "बराबर, बराबर" म्हणाले. काय बराबर ते कोणी सांगेना. तानाबाईनं दोन्हीवर टिचकी मारून पाहिली. दोन्ही वाजले. तिला काहीच उमगेना, आणि काही उमगत नाही हेच तिला उमगेना, कारण तशी तिला सवय नव्हती.

"माय," कवडू हळूच म्हणाला, "तो माणूस काळाच चांगला म्हणते."

"म्हणूनच तं!" तानाबाई एकदम मोकळी झाली. "तो काऊन म्हणते? त्याले तो खपवाचा हाये म्हणून. दात पाय त्या काळ्याचे, बुढ्या बैलावानी. अन् हा पाय. कसा जवान हाये."

झालं. मग तिनं कवडूच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्याच्याच हातावर टाकला आणि दुकानदाराला खूण केली. बैलबाजारात भाव असाच होतो, कापडाखाली बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता. दुकानदाराला वाटलं, पोऱ्याच्या हाताला काही झालं. त्यानं दुपट्टा उचलून हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "हाथ तो ठीक हाये."

शेवटी भाव तोंडानंच झाला. आरा बंडीत टाकताना दुकानदार म्हणाला, "बाई, एक बार और सोच लेव." तानाबाई कवडूकडे पाहून हसली. "पाह्यलं? अजूनही खपवाले पाहून राह्यला."

दुसऱ्या दिवशी मायलेकांनी बुंध्यावर आरा ठेवला. साल कापली गेली, भुसा उडाला, तानाबाईनं शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं "हाव!" म्हटलं. चार बोटं आत गेला आणि आरा थांबला. ओढला तर येईना, ढकलला तर जाईना. लाकडानं त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरलं होतं.

"तू नीट वढत नाई," तानाबाई म्हणाली.

"माय, मी वढून राह्यलो. तूच दाबून राह्यली."

"लाकूड वलं हाये."

"वैशाखापासून उन्हात हाये ते."

तिनं जवसाचं तेल ओतलं. भुसा तेलात भिजून त्याची लापशी झाली आणि आरा आणखी घट्ट बसला. तिनं आऱ्यापुढं उभं राहून त्याचे दात पुन्हा पाहिले. सरळ. भरगच्च. एकही पडलेला नाही. मग हे जनावर काऊन चालत नाही? खांद्यात काही खोड असेल, पाठीत लचक असेल, तर ती बैलाला चार पावलं चालवून ओळखायची. याला चालवलं, तर हा बसूनच राहिला. रात्री जेवताना तिनं भाकरी वरणात बुडवली आणि तशीच धरून बसली. नलू म्हणाली, "माय, खाय ना." तिनं खाल्ली, पण वरणाला मीठ नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नलूच्या पोटात कळा सुरू झाल्या. कवडू जयवंता सुईणीला आणायला पळाला. आणि नेमक्या त्याच वेळी, बाळंतविड्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन, रुख्माबाई दारात.

"कुठं हाये माही सून?" म्हणत ती आत आली. अंगणात बुंधा, बुंध्यात अडकलेला आरा, आणि चुलीजवळ पऱ्हाट्यांचा भारा. तिनं सारं एका नजरेत पाहून घेतलं. बोलली काहीच नाही. तानाबाईला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

आत नलू कण्हली. चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं होतं, त्याखाली पऱ्हाट्या सारख्या सारता सारता तानाबाईचे हात भाजत होते. भडका, राख. भडका, राख. खाटेखालची शेगडी कोपऱ्यात रिकामी पडली होती.

रुख्माबाईनं गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला. "धरा तिकडून, इहीनबाई."

तानाबाईनं आऱ्याच्या चिरेत कुऱ्हाड ठोकून चीर रुंद केली, तेव्हा आरा थोडा सुटला. दोघींनी मुठी धरल्या. आणि दोघींनी एकदमच जोर लावून ढकललं. आरा मधोमध कमानीसारखा उठला आणि "वांऽव" करून ओरडला.

"ढकलता काऊन वो?" रुख्माबाई म्हणाली.

"मी? तुमीच ढकलून राह्यल्या!"

"मी तं वढून राह्यली."

"वढत असत्या तं माह्याकडं आला असता काय?"

आतून नलूचा आवाज आला, कळेच्या मधल्या उसंतीत, चांगला कडक. "दोघीबी जात्यावर बसता ना? तिथं कशा दळता? एकीनं वढलं की दुसरीनं सोडाचं! माय गं... सोडाचं म्हणते मी!"

मग एकीनं ओढलं, दुसरीनं हात सैल सोडला. दुसरीनं ओढलं, पहिलीनं सोडला. दोन-चार वेळा भुसा उडाला. तानाबाईच्या जिवात जीव आला. आणि आरा पुन्हा अडकला.

आता तानाबाई बुंध्यावर बसलीच. "मले समजून नाई राह्यलं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून निघाले, तसं तिनं इकडेतिकडे पाहिलं, जणू दुसरंच कोणी बोललं.

रुख्माबाई वाकून आऱ्याच्या दातांजवळ तोंड नेऊन पाहत होती. "याचे दात तं सरळ हायेत."

"हायेतच! पारखून आणला!"

"अवो, आमच्या घरी आरा हाये. त्याचे दात एक इकडं, एक तिकडं. मामंजी दरसाली बसून वाकवत. मी इचारलं व्हतं, चांगले दात काऊन मोडता. तं म्हणे, वाट रुंद होते, नाई तं लाकूड आऱ्याले चिमटीत धरते."

तानाबाईच्या डोळ्यांपुढे तो काळा आरा आला. बुढा बैल. एक इकडे पाहणारा, एक तिकडे पाहणारा. वाकडं ते चांगलं, सरळ ते निकामी? मग आजवर ती काय पाहत आली? नाही, बैलाचं वेगळं. पण मग आऱ्याला दात कशाला म्हणायचे? आणि तो दुकानदार... त्याचा विचार तिनं अर्धवट सोडला, कारण पुढे जे येत होतं ते तिला नको होतं.

आत नलू ओरडली. या वेळी शब्द नव्हते.

तानाबाई उठली. घरातून हातोडी आणि जाड खिळा घेऊन आली. कुऱ्हाडीनं चीर फाकवून आरा बाहेर काढला आणि ओट्याच्या दगडाच्या कडेवर आडवा ठेवला. पहिल्या दातावर खिळा टेकवला, आणि तिचा हात थांबला. इतके चांगले दात. तिच्या पारखीचे दात.

"मी मारू काय?" रुख्माबाईनं विचारलं.

"माहा आरा हाये," तानाबाई म्हणाली आणि हातोडी मारली. दात वाकला. एक सोडून पुढचा. मग पुन्हा एक सोडून. एका बाजूचे झाले की आरा पालथा केला आणि राहिलेले दुसऱ्या बाजूला. काही जास्त वाकले, काही कमी, एक तर तुटलाच. पण शेवटी तो आरा त्या काळ्या आऱ्यासारखाच दिसू लागला, म्हाताऱ्या बैलाच्या जबड्यासारखा.

दोघी पुन्हा समोरासमोर उभ्या राहिल्या. ओढ, सोड. ओढ, सोड. भुसा दोघींच्या पायांवर पडू लागला, लालसर, कोरडा. जयवंता सुईण आत गेली, कवडू कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. पहिली चकती धप्पकन खाली पडली, तेव्हा त्यानं ती उभी करून फोडली. वाळलेली बाभूळ, चकती केली की फुटते. दुसरी चकती पडली. तिसरी अर्धी झाली होती, तेव्हा आतून नव्या गळ्याचं रडणं आलं, आणि दोघींनी एकदमच मुठी सोडल्या.

मुलगी झाली होती.

संध्याकाळी शेगडीत बाभळीचे निखारे लाल होऊन धरून राहिले होते. नलूच्या खाटेखालून ऊब येत होती. रुख्माबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तानाबाईनं चिमट्यानं एक निखारा सरकवला आणि विहिणीकडे पाहिलं. पऱ्हाट्यांचं काही निघतं का, वाट पाहत होती. निघालं नाही.

"मले एक सांगा, इहीनबाई," रुख्माबाई म्हणाली. "बाजारात हा एकच आरा व्हता काय?"

"नाई. दोन व्हते. दुसरा वाकड्या दाताचा."

"अन् इकणाऱ्यानं काय सांगतलं?"

तानाबाईनं शेगडीत पाहिलं. "तो म्हणे, वाकडाच घ्या. तो चांगला हाये."

"मंग काऊन नाई घेतला?"

"त्यानं चांगला म्हटला म्हणून."

रुख्माबाईला यातलं काहीच कळलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तानाबाईलाही आता ते समजावून सांगता आलं नसतं. बाहेर ओट्यावर येऊन बसलेल्या गावातल्या महादेवरावांची हाक आली, "तानाबाई, उद्या बैलबाजारात येता ना? एक जोडी पाहाची हाये. दलाल तं लय तारीफ करते."

"येते," तानाबाई म्हणाली, "पण या खेपेले तारीफ आयकून पाठ नाई फिरवत, आधी जोडी चालवून पाहू."