शिष्यवृत्तीवाला माणूस

मरोळ गावठाणातल्या ल्युसीला दक्षिणेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात शिकायचं होतं. १९८४ साली तिने शिष्यवृत्तीसाठी नऊ ट्रस्टांना अर्ज केले. एकाच ट्रस्टचा माणूस घरी आला. तिच्या वडिलांनी लगेच ओरिजिनल सर्टिफिकेटं त्याच्या हातात दिली.

"हॉस्टेलचा पत्ता काय?" ल्युसीने विचारलं.

"पोचलीस की कळेल."

शेजारची इव्हा गेल्या वर्षी याच ट्रस्टकडून गेली होती. तिचं एकही पत्र आलं नव्हतं.

"इव्हा कशी आहे?"

"कोण इव्हा?"

ल्युसीने सर्टिफिकेटं परत काढून घेतली. तो चिडला नाही. जाताना वडिलांना म्हणाला, "तुमची रीटा यंदा दहावीला ना? मी येईन."

धाकट्या बहिणीचं नाव अर्जात कुठेच नव्हतं.