जवाचं सरबत

घोडेगावच्या बाजारपेठेत हितेशचं किराणा-मसाल्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. त्या घरात कांदा-लसूणसुद्धा येत नसे. वडील माणिकचंद जाऊन काही वर्षं झाली होती. आई उगमबाई सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नसत आणि चातुर्मासात रोज सकाळी जैन स्थानकात साध्वीजींच्या प्रवचनाला जात. हितेशची बायको सिद्धी बाळंतपणासाठी ओतूरला माहेरी गेली होती, त्यामुळे सध्या घरात मायलेक दोघंच.

अशा घरातला हितेश अधूनमधून रविवारी दुपारी डिंभ्याला जाऊन बियर पीत असे.

त्याचा शाळेपासूनचा मित्र दादाभाऊ. त्याचं शेत डिंभ्याला, धरणाच्या पाण्याला लागून. तिसरा भागू, पेठ गावचा, चाकणला कंपनीत कामाला. बाटल्या पुण्याहून भागूच आणायचा. पहिल्यांदा आणल्या तेव्हा हितेशनं हातसुद्धा लावला नव्हता.

"अरे, अर्धाच टक्का अल्कोहोल असतंय यात," भागू म्हणाला होता. "चढायची भानगडच न्हाई. नुसती चव. घोटभर घे, नाय आवडली तर वत बांधावर."

हितेशनं घोट घेतला आणि गिळायच्या आधी क्षणभर तोंडातच धरला. गार, किंचित कडवट, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी ओळखीचं.

"यात धने आहेत," तो म्हणाला. "आणि संत्र्याची साल. वाळवलेली."

भागूनं बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि मांडीवर थाप मारली. "आयला, बरोबर की राव!"

मग तो खेळच झाला. एक आल्याची असायची, एक कोकमाची, एक भाजक्या जवाची, कॉफीसारखी काळी. भागू पाठ करून स्टीलच्या पेल्यात ओतायचा आणि हितेशनं ओळखायचं. दादाभाऊला सगळ्याच आवडायच्या. प्रत्येक पेल्याला तो "लई भारी" म्हणायचा आणि बाकीचे दोघं हसायचे. दादाभाऊची आई साळुबाई घरातून शेंगा भाजून पाठवायच्या, त्याही वेगळ्या कढईत. "आमच्या तव्यावर मासं व्हत्यात," त्या म्हणायच्या, "हितेशला नको त्यातलं." समोर पाणी, पलीकडे डोंगर, आणि दोन मित्र आपल्या तोंडाकडे बघत बसलेले. आपण काय म्हणतोय याची कुणी वाट बघावी, हे सुख हितेशला दुकानाच्या गल्ल्यावर कधी मिळालं नव्हतं.

आश्विनातल्या एका शुक्रवारी भागू गावी जाताना दुकानाशी थांबला. डिंभ्याची लाइट दोन दिवस गेलेली, तिथं बाटल्या गार कशा राहणार? "रविवारपर्यंत तुझ्या फ्रीजात ठेव," म्हणत त्यानं पिशवी काउंटरखाली सरकवली. हितेश नको म्हणणार होता, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. दुपारी आई आडवी झाली तेव्हा त्यानं बाटल्या बादलीत भिजवल्या, नखानं त्यांच्यावरचे कागद खरवडून काढले आणि फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवल्या.

संध्याकाळी आईनं विचारलंच. "हे काय रे आणलंयस?"

"जवाचं सरबत," तो म्हणाला. "कंपनीवाल्यानं नमुना दिलाय."

दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं. स्थानकातून चालत आलेल्या उगमबाई घामाघूम झाल्या होत्या. दुकान आणि घर यांच्या मधल्या दारातून हितेशला स्वयंपाकघर दिसत होतं. आईनं फ्रीज उघडला, बाटली काढली, उलथन्याच्या टोकानं झाकण उचकटलं आणि पेला अर्धा भरला. हितेशच्या हातात गुळाची ढेप होती. 'आई, थांब,' एवढंच म्हणायचं होतं. पेला ओठाला लागेपर्यंत त्याच्याकडे वेळ होता. तो बघत राहिला.

"बरं वाटलं पोटाला," आत उगमबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग आवाज चढवून, "हितेश, कडसर आहे जरा, पण आल्यानं पित्त बसेल असं वाटतंय. आहेत ना अजून?"

"आहेत," हितेश म्हणाला.

ढेप फोडताना त्याचा घाव चुकला आणि गूळ जमिनीवर सांडला. अर्धाच टक्का, तो स्वतःला म्हणाला. पण आईचं व्रत काही टक्क्यांत मोजायचं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

त्याच दुपारी साळुबाई दुकानात आल्या. घोडेगावला आल्या की त्या बाजार इथूनच न्यायच्या आणि उगमबाईंशी दोन शब्द बोलल्याशिवाय जायच्या नाहीत. उगमबाईंनी त्यांना आत बोलावलं, पंखा लावला आणि कौतुकानं पेला पुढे केला.

"घ्या साळुबाई, जवाचं सरबत आहे. मी सकाळीच घेतलं. उन्हाचं चांगलं असतं."

साळुबाईंनी ओट्यावरचं झाकण पाहिलं, पेला नाकाशी नेला आणि मोकळेपणानं हसल्या. "अवो वहिनी, ही तर बीर हाय! पोरं पित्यात ती. आमच्या शेतावर या झाकणांचा सडा पडल्याला असतो."

उगमबाईंनी ओट्याचा आधार घेतला. "काय म्हणालात?"

"हलकी असती तशी, पण बीरच," साळुबाई म्हणाल्या. मग त्यांना समोरच्या चेहऱ्यावरून कळलं, की आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो.

हितेश दारात आला होता. आई त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. "हितेश, खरं का हे?"

आणि हितेशच्या तोंडून निघालं, "मला काय माहीत? दादाभाऊनं दिल्या. कंपनीच्या सरबताचा नमुना आहे म्हणून सांगितलं त्यानं. फसवलं मला."

साळुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ज्याच्यासाठी त्या वेगळ्या कढईत शेंगा भाजत होत्या, तो हा. त्यांनी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं संपलं असतं. पण त्यांनी एकदा उगमबाईंच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, पेला ओट्यावर ठेवला आणि पदर सावरला.

"येते मी, वहिनी. गाडी चुकंल."

बाजाराची पिशवी त्या तशीच काउंटरवर विसरून गेल्या.

उगमबाईंनी दोनदा चूळ भरली, तिसऱ्यांदा भरली, आणि मग माळ घेऊन कोपऱ्यात बसल्या. जेवल्या नाहीत. "साध्वीजींसमोर सांगावं लागेल," एवढंच म्हणाल्या. "त्यांना तोंड कसं दाखवू?"

रविवारी हितेश डिंभ्याला गेला नाही. भागूचा फोन त्यानं उचलला नाही. सोमवारी सकाळी, दुकानात गर्दी असताना, दादाभाऊ मोटारसायकलवरून उतरला. साळुबाईंची राहिलेली पिशवी न्यायला आला होता. त्यांनी त्याला काय सांगितलं होतं, सांगितलं तरी होतं की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

उगमबाई आतून तरातरा बाहेर आल्या. एरवी त्या कधी गिऱ्हाइकांसमोर आवाज काढत नसत.

"दादाभाऊ, लहानपणापासून या घरात आलास. तुला माहीत नव्हतं आम्ही कोण आहोत? म्हातारीला दारू पाजून काय मिळालं तुला?"

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. तांदूळ घ्यायला आलेले सावळेराम गुरुजी चष्मा वर करून दादाभाऊकडे पाहू लागले. दादाभाऊला काही कळेना. त्यानं आधी उगमबाईंकडे, मग हितेशकडे पाहिलं. हितेश धने तोलत होता. काटा केव्हाच स्थिर झाला होता, तरी तो चिमटीचिमटीनं धने टाकत होता, काढत होता. दादाभाऊ थांबला. तो हितेशच्या बोलण्याचीच वाट बघत होता, हे तिथं फक्त हितेशला ठाऊक होतं.

शेवटी दादाभाऊनं हात जोडले. "चुकलं, काकू," तो म्हणाला. पिशवी उचलली आणि निघून गेला.

"दिसतो साधा," सावळेराम गुरुजी म्हणाले. "कुणाचं काय सांगावं!"

हितेशनं सगळी गिऱ्हाइकं कशीबशी वाटेला लावली आणि भरदुपारी शटर अर्धं खाली ओढलं. उगमबाई पडवीत मेथी निवडत होत्या. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"आई, दादाभाऊनं काही केलेलं नाही. बाटल्या मी ठेवल्या. कागद मी काढले. मी पितो तिकडे जाऊन. आणि तू पीत होतीस तेव्हा मी बघत होतो."

उगमबाईंचे हात थांबले.

"मी तुला हाक मारून विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "आहेत का अजून म्हणून."

"हो."

"तू आहेत म्हणालास."

हितेशनं मान खाली घातली. त्याला वाटलं, आई रडेल, ओरडेल, वडिलांचं नाव काढेल. तसं काहीच झालं नाही.

"पोटात गेलं त्याचं मी बघेन. उपास करेन, आलोयणा, प्रायश्चित्त घेईन," त्या म्हणाल्या. "पण त्या पोराला मी चारचौघांत दारू पाजणारा म्हटलं. आणि साळुबाई... त्यांना माहीत होतं ना?"

"होतं."

"तरी बोलल्या नाहीत." उगमबाईंनी डोळे मिटले. "उद्या डिंभ्याला जायचं. मी येते."

डिंभ्याची एसटी आलीच नाही. तासभर वाट पाहून मायलेक जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेले. साळुबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होत्या. उगमबाईंना पाहून त्या गडबडल्या, घोंगडी झटकून अंथरली, आणि पाण्याचा तांब्या आणताना "घासून आणलाय, वहिनी" असं आवर्जून म्हणाल्या. उगमबाईंनी तांब्या हातात घेतला, पण आधी हितेशकडे पाहिलं.

"मावशी," हितेश म्हणाला, "मी खोटं बोललो. तुमच्यासमोर."

"म्हाईत हाय मला," साळुबाई म्हणाल्या. "तुझ्या आईच्या तोंडाकडं बघून गप ऱ्हायले. त्यादिशी एवढंच पुरं व्हतं तिला." त्या पुन्हा शेंगा पसरू लागल्या. "पण घरी येऊन मी लई रडले. दादाभाऊला त्यातलं काय बोलले न्हाई. तो सोमवारी तुमच्या दुकानातून आला तवा कळलं त्याला."

दादाभाऊ विहिरीकडून आला. उगमबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले, तसा तो घाबरून मागे सरला. "काकू, असं नका करू. मला पाप लावताय का!"

"मी सगळ्यांसमोर बोलले. सगळ्यांसमोरच सांगणार आहे, चूक तुझी नव्हती म्हणून."

हितेशनं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. दादाभाऊनं हातानंच थांबवलं. "मला त्या बीरचं काय न्हाई, हितेश. नाव माझं घेतलंस, त्याचंबी एक वेळ समजलो असतो. घाबरला असशील. पण मी तुझ्यासमोर उभा व्हतो तवा तू नुसतं वर तरी बघायचंस."



उगमबाईंनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सावळेराम गुरुजी दिसताच त्यांनी हाक मारून सांगितलं. आणि मुलाचं नाव घेऊन सांगितलं. हितेश तिथंच बसून ऐकत होता. साध्वीजींनी दिलेले उपास त्यांनी केले. त्या दिवसांतही त्या हितेशसाठी स्वयंपाक करत आणि ताट वाढून समोर बसत. "मीपण करतो तुझ्याबरोबर," असं तो एकदा म्हणाला. "माझे माझ्यापुरते आहेत," त्या म्हणाल्या. "तू जेव." घास फिरत राहायचा तोंडात.

भागू फोन करत राहिला. दिवाळीनंतरच्या रविवारी हितेशनं आईला सांगितलं, "डिंभ्याला जाऊन येतो." तिनं कुठं, कशाला असं विचारलं नाही. "वेळेवर ये," एवढंच म्हणाली.

शेतावर भागूनं आरडाओरड करून त्याला मिठी मारली आणि कुठल्याशा जांभळाच्या बियरचं कौतुक सुरू केलं. दादाभाऊ बांधावर बसला होता. तो जरा सरकला, हितेशसाठी जागा झाली. भागूनं तीन पेले भरले. दादाभाऊनं त्यातला एक हितेशच्या हातात दिला, पण पूर्वीसारखं त्याच्या तोंडाकडे बघत बसला नाही. पाण्याकडे बघत स्वतःचा पेला पीत राहिला.

"कशी लागतीय?" भागूनं विचारलं.

"चांगली आहे," हितेश म्हणाला. चव त्याला नीट कळलीच नव्हती.