डर्बीचा बत्तिसावा सामना

काउंटरपलीकडच्या बाईंनी पार्सल पुढे सरकवले आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवले. सबनीसांनी आधी ते फिरवून चारही बाजूंनी पाहिले. अक्षर त्यांचेच होते, मोजपट्टीने आखलेल्या पुसट रेघांवर काळ्या शाईत बसवलेले. मुलाचे नाव, घर क्रमांक, रस्ता, डर्बी, इंग्लंड. वर तिरपा चिकटवलेला पिवळा कागद तेवढा परका होता. हे गृहस्थ इथे राहत नाहीत, डिसेंबरमध्ये घर सोडून गेले, असे कुणीतरी त्यावर इंग्रजीत लिहिले होते.

“पत्ता चुकला का?” बाईंनी विचारले.

“पत्ता बरोबर आहे,” सबनीस म्हणाले. त्यांनी पूर्ण सही केली, खाली तारीख घातली, एकोणतीस मार्च दोन हजार आठ, आणि पार्सल काखेत धरून ते बाहेर पडले.

आत अर्धा किलो भाजणी होती, मेतकुटाची बरणी होती आणि एक करडा स्वेटर. भाजणी त्यांनी स्वतः भाजली होती, बायकोच्या, उल्काच्या वहीतल्या प्रमाणाने, प्रत्येक धान्य स्वयंपाकाच्या काट्यावर तोलून. मल्हारचा वाढदिवस चौदा मार्चला होऊन गेला. त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी फोनवर विचारले होते, पार्सल मिळाले का. अजून नाही बाबा, पोस्टात गर्दी असेल, असे तो म्हणाला होता.

जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या फ्राउ ल्यूडर्स भेटल्या. पंचाहत्तरीच्या या बाई हॅनोव्हरच्या फुटबॉल संघाचा घरचा एकही सामना चुकवत नसत. गेल्या उन्हाळ्यात तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीत, दोरीवर चिमटे लावून, त्यांनीच सबनीसांना ऑफसाइड समजावला होता.

“आज तरी जिंकणार का तुमचे इंग्रज?”

“शक्यता कमी आहे.”

“दर शनिवारी हरतात, आणि तुम्ही दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून हरायला बसता, सबनीससाहेब.” त्यांचे लक्ष पार्सलकडे गेले. “परत आलं?”

“पत्त्यात काहीतरी चूक झाली असावी.”

“तुमच्याकडून?” फ्राउ ल्यूडर्स हसल्या. “जिन्यातला दिवा किती सेकंदांनी आपोआप विझतो याची चिठ्ठी लावणारा माणूस पत्ता चुकवेल होय!”

सबनीसांनी मान लववली आणि वर गेले.

पुण्यातल्या तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन ते एकाहत्तर साली जर्मनीत हॅनोव्हरला आले आणि पंप तपासण्याच्या कामावर निवृत्त होईपर्यंत राहिले. पंप ठरावीक तास चालवायचा, दर तासाला नोंद घ्यायची, आणि काही बिघडले तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही त्यांची पद्धत होती. तीन वर्षांपूर्वी उल्का गेली, तेव्हा मल्हारशी होणाऱ्या बोलण्यालाही त्यांनी हीच पद्धत लावली. उल्का मुलाशी तास तास बोलत असे आणि शेवटी फोन यांच्या हातात देत असे. ती गेल्यावर शनिवारचा फोन तीन मिनिटांत संपू लागला. तब्येत, हवा, जेवण झाले का. विषय बदलून पाहिले, वेळ बदलून पाहिली. चौथे मिनिट उजाडेना.

मग गेल्या मे महिन्याच्या अखेरीला एकदा फोनमधून गाड्यांचे भोंगे आणि लोकांचे गाणे ऐकू आले. “इथला क्लब वरच्या डिव्हिजनला गेला बाबा,” मल्हार म्हणाला होता. “सगळं गाव रस्त्यावर आहे. माझ्या घरापासून स्टेडियम जवळच ना, सामन्याच्या दिवशी आवाज खिडकीतून आत येतो.” त्या दिवशी बोलणे अकरा मिनिटे चालले.

नेमके काय बदलले होते ते सबनीसांच्या लक्षात आले. जन्मात ज्यांनी फुटबॉल पाहिला नव्हता, त्यांनी नगर ग्रंथालयातून नियमांचे पुस्तक आणले. टीव्हीच्या व्हिडिओटेक्स्टवर, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या बातम्यांच्या पानांवर, इंग्लंडच्या वरच्या डिव्हिजनचे निकाल शनिवारी सहाच्या सुमारास येतात हे शोधून काढले. मिलिमीटर कागदावर आडव्या अक्षावर सामने आणि उभ्या अक्षावर गुण घेऊन आलेख सुरू केला. सप्टेंबरात डर्बी एक सामना जिंकले. त्यानंतर रेघ उठलीच नाही. एकतीस सामन्यांत दहा गुण झाले होते. तरी लोक येतात, स्टेडियम भरते, हे वर्तमानपत्रातही आले होते, आणि त्यावरही एका शनिवारी पाच मिनिटे बोलणे झाले होते.

आज मात्र प्रश्न निराळा होता. संघ खालच्या डिव्हिजनला गेला की निकाल टीव्हीच्या त्या पानावर येणार नव्हते. पान फक्त वरच्या डिव्हिजनचे होते. ऑगस्टच्या नव्या हंगामापासून शनिवारी सहा वाजता त्यांच्याजवळ बोलायला काही उरणार नव्हते. पोस्टात जाईपर्यंत त्यांना एवढीच काळजी होती.

फोनपूर्वी ते नेहमी एका चिठ्ठीवर मुद्दे लिहीत. आज त्यांनी लिहिले: निकाल, गर्दी, उरलेले सहा सामने. मग सर्वांत वर, थोडी जागा होती तिथे, ‘पत्ता’ असे लिहिले. ते खोडले. पुन्हा लिहिले.

सहाला पाच मिनिटे असताना पानावर आकडे आले. डर्बी दोन, फुलहॅम दोन. तक्त्यात वरच्या ज्या संघाने हरायला हवे होते तो जिंकला होता, म्हणजे डर्बी खालच्या डिव्हिजनला जाणार हे ठरले. बत्तीस सामने, अकरा गुण. सबनीसांनी टोकदार पेन्सिलीने बिंदू मांडला, मागच्या बिंदूला जोडला आणि मोबाइलचा नंबर फिरवला. मल्हारचा नंबर पूर्वीचाच होता.

“हॅलो बाबा. बघितलंत ना? त्स्वाय-त्स्वाय.” जर्मनीत वाढलेला मल्हार मराठी बोले, पण आकडे जर्मनमध्येच सांगे आणि मधेमधे जर्मन शब्द पेरे.

“बघितलं. बरोबरी.”

“गेले खाली. आल्झो, अजून सहा सामने आहेत, पण उपयोग नाही. मार्चमध्येच जाणारा हा पहिलाच क्लब आहे म्हणे.”

“लोक आले होते?”

“फुल. रडत होते काही जण, पण कुणी उठलं नाही.”

सबनीसांनी चिठ्ठीवरच्या ‘गर्दी’पुढे टिंब केले. मग पेन्सिल वरच्या शब्दावर नेली आणि तिथेच धरून ठेवली.

“तुला आवाज आला का रे?”



“आला ना. दुसऱ्या गोलला. खिडकी उघडीच होती.”

आणि त्याच वेळी त्या उघड्या खिडकीतून खरोखरच एक आवाज आला. लांबलचक, खर्जातला भोंगा. थांबून पुन्हा एकदा. जानेवारीपासून हा भोंगा त्यांना अधूनमधून ऐकू येत होता आणि डर्बी रेल्वेचे गाव म्हणून ती मालगाडी असावी असे त्यांनी धरून ठेवले होते. मालगाडी असा भोंगा देत नाही. मल्हार सहा वर्षांचा असताना हॅम्बुर्गच्या धक्क्यावर त्याला खांद्यावर घेऊन ते उभे होते, तेव्हा निघालेल्या जहाजाने असाच भोंगा दिला होता आणि पोराने दोन्ही हातांनी बापाचेच कान झाकले होते.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“बाबा? आहात ना?”

“आहे.”

“मी काय म्हणतो, पुढच्या वर्षी ते तुमच्या टीव्हीवर दिसणार नाहीत. पण मी सांगत जाईन ना. दर शनिवारी. निकाल, टेबल, सगळं. तुम्ही आलेख चालू ठेवा.” तो घाईघाईने बोलत होता. “चालेल?”

तीन महिने हा मुलगा कुठल्यातरी बंदरात बसून परक्या झालेल्या गावातले सामने वाचून काढत होता, स्टेडियमचा आवाज रचून सांगत होता. रागवायला हवे होते. सबनीस राग शोधत होते आणि तो त्यांना सापडत नव्हता.

“चालेल,” ते म्हणाले. “सांगत जा.”

“गेनाऊ, अगदी. मग ठरलं.”

“आणि मल्हार, आता ती खिडकी लावून घे. समुद्राचं वारं आहे, बाधतं.”

 भोंगा थांबला होता. 

“कधी कळलं?” मल्हारने विचारले.

“आज. पार्सल परत आलं.”

“साउदॅम्प्टनला आलोय. नोकरी बदलली. डिसेंबरमध्येच सांगणार होतो. पहिलं वाक्य तेच ठरवलं होतं. मी फोन उचलल्या उचलल्या तुम्ही विचारलंत, आज आवाज आला का. इतक्या उत्साहानं विचारलंत. आई गेल्यापासून तुम्ही असं कशाबद्दल विचारलं नव्हतं. मग नाही सांगता आलं.”

“हं.”

“मी एकदाही स्टेडियमच्या आत गेलो नाही हो. मला त्यातलं कळतही नाही. ऑफसाइड तर तुम्हीच मला समजावलात.”

“मला तो कपड्यांच्या चिमट्यांवर शिकवला गेला,” सबनीस म्हणाले. “त्यामुळे खात्री देता येत नाही.”

मल्हार हसला.  टीव्हीवरचे पान आपोआप बदलून हवामानावर गेले होते.

“पत्ता सांग,” सबनीस म्हणाले. “लिहून घेतो.”

मल्हार सांगू लागला. घर क्रमांक, मग इमारतीचे नाव, मग रस्ता. सबनीसांनी नवा कागद घेतला, मोजपट्टी ठेवून चार रेघा आखल्या. पहिली ओळ लिहिली आणि ती पुन्हा सांगायला लावली. दुसरी ओळ स्पष्टच ऐकू आली होती; तीही त्यांनी पुन्हा विचारली. रस्त्याच्या नावाचे स्पेलिंग एकेक अक्षर करून मागितले.

“हळू सांग,” ते म्हणाले. “मला घाई नाही.”