मानसिकता तयार नाही

आमच्या संस्थेच्या कुलदीप सरांनी निधी देणाऱ्या पुण्याच्या मॅडमची पाहणी नेमकी येळवशीला ठेवली! जळकोटकडच्या कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं, त्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. चावडीसमोर मांडव, खुर्च्या, हार, सगळं तयार; आणि गावात चिटपाखरू नाही.

"बहिष्कार!" सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा चक्क उजळला.

गावालगत धरणग्रस्तांची वसाहत आहे. त्यांची आणि गावातली मुलं एकाच शाळेत शिकावीत, असं आमचं धोरण सांगतं. प्रत्यक्षात वसाहतीतल्या पोरांना आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शिकवतो, कारण सरांच्या मते 'गावाची मानसिकता अजून तयार नाही'. आज मॅडमनी मान हलवली की शेडच्या निधीला मुदतवाढ. आणि वसाहतीतल्या मथुराबाई तर भेटेल तिथं मला म्हणायच्या, "दीपमालाताई, माझ्या नातीला गावच्या शाळंत बसवा की."

माझं डोकं फिरलं. "मॅडम, गाव कुठं पळून गेलेलं नाही, चला दाखवते!"

सरही मागोमाग निघाले. पहिलंच शेत आण्णासाहेबांचं. ते शाळा समितीचे अध्यक्ष. कडब्याच्या पेंढ्यांची झोपडीसारखी कोपी, तिच्यापुढं पंगत बसलेली, आणि पंगतीत कोण? मथुराबाई, त्यांची नात, निम्मी वसाहत! येळवशीला वाटेनं जाणाऱ्यालाही जेवायला बोलावतात, मग शेजारी कसे राहतील? मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

"या, या! आदी भज्जी खावा, मग बोला," आण्णासाहेबांनी आम्हाला बसवून हिरव्या शेंगा-भाज्यांची भज्जी वाढली.

मॅडमनी विचारलं, "वसाहतीतली मुलं तुमच्या शाळेत चालतील?"

"आमी कवा नको म्हणलो? ह्या सायबांनीच सांगितलं, त्यास्नी येगळी शाळा पायजे म्हणून."

मथुराबाईंचा घास हातातच राहिला. "आमाला? आमाला तर म्हणले, गावाला तुमची पोरं नको हायत!"

सगळे सरांकडं बघायला लागले. सरांनी आंबिलीचा घोट गिळला. "हे बघा, सणाच्या दिवशीचं वातावरण प्रातिनिधिक धरता येत नाही. टप्प्याटप्प्यानं..."

"तुमी करा टप्पे," मथुराबाई उठल्या. "आण्णासाहेब, उद्या नातीला घिऊन येऊ का शाळंत?"

"इचारता काय? सगळ्यास्नी आणा!"

दुसऱ्या दिवशी वसाहतीतली सगळी पोरं उड्या मारत गावच्या शाळेत गेली. मीही त्यांच्या मागं जवळजवळ पळतच होते, इतकी खूश होते.

संध्याकाळी सरांचा अहवाल पुण्याला गेला. 'शेडमधील सर्व विद्यार्थ्यांची अचानक गळती. ती रोखण्यासाठी मुदतवाढ आवश्यक.' मॅडमनी मंजुरी दिली.