देवीचे व्रण

टांकसाळीतल्या कोरणारीला त्या नाण्याचं काम मिळालं, तेव्हा ती हरखून गेली. देवीच्या साथीत दारोदार फिरून लस टोचणाऱ्या एका नर्सचा चेहरा नाण्यावर येणार होता. लोक तिला टोचणीबाई म्हणत. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटो होता तिच्या भाचीकडे.

भाची आता सत्तरीची. फोटो देताना म्हणाली, "मावशीच्या तोंडावर व्रण दिसतायत ना? लहानपणी तिलाच देवी आल्या होत्या. लोक सुई बघून दार लावून घ्यायचे. मग ही उंबऱ्यात पाय घालून उभी राहायची. 'माझं तोंड नीट बघा,' म्हणायची, 'आणि मग ठरवा लेकराला टोचायचं की नाही ते.' निम्मं काम त्या तोंडानंच केलं गं."

कोरणारीनं ताटाएवढा प्लास्टरचा नमुना केला. गाल, कपाळ, नाकाचा शेंडा, सगळीकडे बारीक हत्यारानं एकेक व्रण खोदला.

नाणं मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीत टांकसाळीच्या साहेबांनी नमुन्यावर बोट फिरवलं. "काम झकास. फक्त हे खड्डे बुजवा. आणि वय जरा उतरवा."

"साहेब, त्या व्रणांमुळेच तर लोकांनी तिचं ऐकलं."

"अहो, नवंकोरं नाणं झिजल्यासारखं दिसेल! बाई कशी, प्रसन्न दिसली पाहिजे."

"देवीसारखी," समितीतले एक गृहस्थ हसत म्हणाले.

कोरणारीचं डोकंच फिरलं. त्यांना देवी हवी होती, देवीचे व्रण तेवढे नको होते. ती उठली, शेजारच्या संग्रहाच्या खोलीतून जुन्या नाण्यांचा ट्रे आणला आणि टेबलावर आदळला.

"हा राजा बघा, दुहेरी हनुवटी. हा सेनापती, मोडकं नाक. ह्याच्या गालावरची चामखीळसुद्धा कोरलीय. आणि ह्या बायका! एकीच्या हातात कणसं, एकीच्या हातात तराजू, एकीला पंख. एकीलाही नाव नाही, एकीलाही सुरकुती नाही. ही एक राणी तेवढी वेगळी. बाकदार नाक, पुढे आलेली हनुवटी. हिचं नाक शाबूत राहिलं, कारण टांकसाळच हिच्या हातात होती!"

साहेब म्हणाले, "बाई, चहा घ्या."

नमुन्याची नक्कल तिच्या सहकाऱ्याकडे गेली. त्यानं एका दुपारीत व्रण बुजवले, वर नाकही आखूड केलं. "सांगितलं ते केलं," तो तिची नजर चुकवत म्हणाला.

नाण्यावर खांद्याखाली कोरणाऱ्याची आद्याक्षरं असतात. ती तडक साहेबांकडे गेली. "माझी अक्षरं काढा."

"नियमात बसत नाही."

"मग दुसऱ्याचं नाक कापणं कुठल्या नियमात बसलं?"

अक्षरं निघाली. राजीनामा मात्र तिनं दिला नाही. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि पगार तिचा एकटीचा. संताप गिळून ती कामावर येत राहिली.

टांकसाळीच्याच सभागृहात समारंभ झाला. भाचीला मंचावर बोलावलं. मखमली डबी तिच्या हातात ठेवली. तिनं चष्मा लावून नाणं उलटसुलट केलं.

"ही कोण?"

"तुमच्याच मावशी," पाहुणे हसून म्हणाले.

"छे! ह्या तोंडाकडे बघून कुणी लेकराला टोचून घेतलं असतं का?" ती माईकसमोरच म्हणाली. डबी तिथेच टेबलावर ठेवली आणि कठडा धरून खाली उतरली.

मागच्या रांगेत कोरणारी उभी होती. भाचीनं तिलाही सोडलं नाही. "विश्वासानं फोटो दिला होता तुला. असं करायला?"

"काकू, ती मी केलेली नाही. मी केलेली आत आहे. चला."

कारखान्यातल्या कपाटातून, चिंध्यांच्या ढिगाखालून तिनं मूळ नमुना काढला. भाचीनं गालावरून तळवा फिरवला. "हां. ही माझी मावशी."

दोघींनी तो ओढणीत गुंडाळला आणि दोन बाजूंनी धरून फाटकापर्यंत आणला. पहारेकऱ्यानं अडवलं. "मॅडम, टांकसाळीचा माल बाहेर नेता येत नाही."

"टांकसाळीला ही नकोय," कोरणारी म्हणाली. "खात्री नसेल तर आत जाऊन विचारून या. आम्ही थांबतो."

त्यानं ओढणी जरा बाजूला करून आत पाहिलं. मग दोघींकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं फाटक उघडलं.