नातेवाईकाची सही

माझ्या पाठीवरच्या गाठीत सोमवारी संध्याकाळी दिवा लागला. मी स्वयंपाकघरातला बल्ब बंद केला आणि मागच्या भिंतीवरचा उजेड तसाच राहिला. मी वळलो, उजेडही वळला. तेव्हापासून मी पालथा झोपायला लागलो. आत कोणाला दडपल्यासारखं व्हायला नको.

गाठ पाठीच्या मधोमध होती, जिथे माझा स्वतःचा हात पोचत नाही. आई गेल्यापासून तिथे कोणाचाच पोचलेला नव्हता. न्हावी मानेपर्यंत येतो आणि थांबतो.

शुक्रवारी सर्जरीच्या ओपीडीत गेलो.

नाव: हेमकांत दातीर
वय: ५८
तक्रार: पाठीवर गाठ, उजेड
सोबत:

"सोबत कोण आलंय?" डॉक्टर कोष्टी बाईंनी विचारलं.

"कोणी नाही."

"गाडी लावायला गेलेत का?"

"नाही. कोणीच नाही."

त्यांनी रकान्यात आडवी रेघ मारली. रेघ कागद संपल्यावर टेबलावरही थोडी गेली.

मी शर्ट काढला. त्यांची बोटं गार होती. "चार सेंटिमीटर. मऊ. कडा गुळगुळीत. खोका."

मी खोकलो. गाठीतून कोणीतरी खोकलं.

"खोकल्याला प्रतिसाद आहे," असं म्हणून त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. अकरा जण ओळीने आले, प्रत्येकाने हात ठेवला. मी डोळे मिटून घेतले. शेवटची मुलगी दचकली.

"मॅडम, आतूनही कोणीतरी हात लावतंय."

"म्हणजे तू नीट लावत नाहीयेस. तळवा सपाट ठेव."

मग पडदे ओढले. गाठीत नुसतं पाणी असेल तर टॉर्चचा उजेड आरपार जातो, असं मुलांना सांगून डॉक्टरांनी गाठीला टॉर्च टेकवला आणि डोळा लावला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"खोली आहे. एक खाट. एक बाई गवार मोडतेय."

"दिसायला कशी आहे?"

"पाठमोरी आहे." मग थोडं थांबून, "शेंगा बऱ्याच आहेत हो. एकटीपुरत्या नाहीत."

"हाक मारून बघता का?"

"काका, बाहेर साठ पेशंट बसलेत."

त्यांनी पडदे उघडले. काढून तपासल्याशिवाय निदान होणार नाही, म्हणाल्या. नाही काढली तर महिनाभरात मणक्याशी जाईल, मग पाय जातील.

"आणि काढली तर ती?"

"ती कोण?"

"गवार मोडणारी."

"काढलेला तुकडा औषधाच्या बरणीत जातो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

मला त्याच दिवशी भरती करून घेतलं. वॉर्डात माझ्या दोन्ही बाजूंच्या खाटा रोज थोड्या लांब सरकत होत्या. नातेवाईकांना बसायला जागा लागते. शनिवारी शेजाऱ्याने मला लिंबाचं लोणचं दिलं. रविवारी त्याच्या डब्याचा नुसता आवाज ऐकू आला. सोमवारी तो हात हलवत होता, पण मला की आणखी कोणाला ते इतक्या लांबून कळेना. रात्री मी पालथा पडून राहायचो आणि पाठीत शेंगा मोडल्याचा आवाज यायचा. कट्. कट्. त्या लयीत मला झोप लागायची. अशी झोप मला बऱ्याच वर्षांत लागली नव्हती.

मंगळवारी सकाळी रणभिसे सिस्टर संमतीचा कागद घेऊन आल्या. माझ्या खाटेपर्यंत चालत येऊन त्यांना दम लागला होता.

"नातेवाईकाची सही आणा."

"माझी घ्या."

"तुमची काय कामाची? चुलत, मावस, शेजारपाजारचं कोणीतरी असेलच की. माणूस काय आभाळातून पडतं का?"

त्यांनी मला पालथं केलं आणि कागद, पेन गाठीवर ठेवलं. कागद आत गेला. मला बरगड्यांच्या मागे पेनची खरखर जाणवली. दोन अक्षरं, मग एक लांब फराटा. कागद बाहेर आला.

"झालं बाई," सिस्टर म्हणाल्या. "नाव लागत नाही, पण वळण छान आहे."

"नात्यापुढे काय लिहिलंय?"

"कोरं आहे."

"सिस्टर, मला गाठ काढायची नाही."

"आता तुमचं नाही चालत, काका. सही झाली." त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. "पायांवर चालायचंय ना तुम्हाला? त्यांनाही तेच वाटलं असणार. उगाच कोण सही करतं?"

भूल फक्त पाठीला दिली. मी पालथा होतो. समोरच्या भिंतीवरच्या पांढऱ्या फरशीवर गाठीतला उजेड पडला होता. शेंगांचा आवाज थांबला. खाट सरकवल्याचा आवाज आला, मग भांडी आवरल्याचा. कोणीतरी बटण दाबलं. फरशीवर अंधार झाला.

"आली," डॉक्टर कोष्टी म्हणाल्या.

तुकडा तपासायला लॅबमध्ये नेऊन देणं हे इथे नातेवाईकाचं काम असतं. टाके घालून झाल्यावर मी सिस्टरना म्हणालो की बरणी मीच नेतो.

"तुम्ही कशाला? त्या गेल्या की घेऊन. दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून."

"कधी?"

"आत्ताच. दारातच होत्या."

मी उठलो. पाय नीट चालत होते. व्हरांड्यात, एक्स-रेच्या खोलीपाशी, ती पुढे जाताना दिसली. करडी साडी, खांदे जरा पुढे झुकलेले. मी झपाट्याने चालायला लागलो, तसा व्हरांडा अरुंद झाला. आणखी झपाट्याने गेलो तर दोन्ही भिंती माझ्या खांद्यांना घासू लागल्या. टाके ताणले जात होते. पुढे जाऊन तोंड बघावं एवढी जागाच राहिली नाही. हाक मारायला नाव नव्हतं.

व्हरांडा लॅबच्या खिडकीशी संपला. तिने बरणी कट्ट्यावर ठेवली. आतल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला.

"पेशंट तुमचे कोण?"

तिने पेन घेतलं आणि कागदावर टेकवलं. लिहिलं नाही. निबाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"लिहा की, बाई. काहीतरी लिहावंच लागतं."

ती विचारात पडली. मग, बघून ठरवावं तशी, हळूहळू मान वळवू लागली. मी भिंतींच्या मधे अडकून उभा आहे. आधी कानाची पाळी दिसली, मग गालाची कड. कारकून खिडकीची फळी लावून जेवायला गेला. ती अजून मान वळवते आहे.