तिसरा पुकारा

कोर्टाच्या दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारणं हे भोंग्याचं काम. खरं नाव पगारपत्रकात असेल. लोक भोंगाच म्हणत. एकदा त्याने एका फरारी माणसाचं नाव घेतलं, तर दोन गल्ल्या पलीकडे न्हाव्यापुढे बसलेला तो गृहस्थ अर्ध्या दाढीनिशी, साबणासकट कठड्यात येऊन उभा राहिला. खोटं वाटत असेल त्यांनी त्या न्हाव्याला विचारावं. तो आता हयात नाही, हा भाग वेगळा.

नाव तीनदा पुकारायचं. गिरणीचा मालक असो की हमाल, आवाज सारखाच. तिसऱ्या पुकाऱ्यालाही अर्जदार आला नाही, तर अर्ज फेटाळला जायचा. कोर्टाच्या अंगणात झिजलेला एक शिलालेख होता. कुण्या जुन्या राजाने त्यावर कोरून घेतलं होतं, की हाक मारल्याशिवाय कुणाचा न्याय करू नये. भोंगा नव्या वकिलांना सांगायचा, "राजाने स्वतःलाही पुकारायला लावलं होतं. पहिल्या दोन हाकांना महाराज झोपलेले होते." अलीकडे वरच्या कोर्टानेही राज्यघटनेवर बोट ठेवून इथला एक निकाल फिरवला होता. ज्याचं म्हणणं ऐकलं नाही, त्याच्यावरचा निकाल हा निकालच नव्हे, असं बजावलं होतं. भोंगा आठवडाभर छाती काढून हिंडला. जणू राजा आणि राज्यघटना दोघंही त्याच्याच खात्यात कामाला होते.

आणि हाच माणूस घरी बायकोला काही म्हणजे काही विचारत नसे. भिंतीचा रंग, लेकाची शाळा, सगळं बाहेरूनच ठरवून यायचा. शेवटी तिचं शिलाई मशीन त्याने भाचीला लग्नात देऊन टाकलं. ती बाजारातून आली, तर खिडकीपाशी मशीनच्या पायांचे चार ठसे. ती भांडली नाही. पिशवी भरली, लेकाला घेऊन बहिणीकडे गेली आणि वेगळं राहण्याची परवानगी मिळावी म्हणून अर्ज केला.

तेव्हापासून भोंगा कुलूप उघडण्याआधी दाराशी खाकरायचा. आत कोणी नाही हे ठाऊक असून. चहा दोन कप टाकायचा. एक गरम प्यायचा, दुसरा निवल्यावर.

तारखेच्या दिवशी न्यायाधीशबाई म्हणाल्या, "आज तुम्ही पक्षकार आहात. स्वतःच्या प्रकरणात तुम्ही पुकारा करायचा नाही. कारकून करतील."

कारकुनाचा घसा बसलेला. त्याने दाराशी जाऊन तिचं नाव घेतलं, ते त्याच्या मिशीबाहेरही पडलं नसेल.

भोंग्याला खिडकीतून ती दिसत होती. लांब फाटकापाशी, बाकावर, पिशवी मांडीवर. दाराशी नवरा उभा असणार म्हणून दूर बसलेली, आणि नवऱ्याचा आवाज तिथवर पोचतोच म्हणून निवांत. तो आज पुकारणार नाही, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

कारकुनाने दुसऱ्यांदा नाव घेतलं. मग भोंग्याकडे सरकून पुटपुटला, "नशीब काढलंस लेका. गप उभा राहा. पुन्हा अर्ज करेपर्यंत वर्ष जाईल. तोवर वहिनींचा राग उतरतो, आणि त्या घरी."

घरी. भोंग्याच्या डोळ्यांपुढे दार उघडलं, आत दिवा होता, कपबशी वाजली. फक्त तोंड मिटून राहायचं होतं. आयुष्यात कधी न जमलेली गोष्ट आज जमत होती. कारकून तिसऱ्यांदा दाराकडे वळला. फाटकापाशी तिने मान वर करून कोर्टाकडे पाहिलं, कुणी बोलावतंय का म्हणून, आणि परत पिशवीवर हात ठेवले.

तिला न विचारता आणखी एक गोष्ट ठरत होती.

भोंग्याने कारकुनाला बाजूला सारलं आणि तिचं नाव पुकारलं. छपरावरची कबुतरं उडाली ती म्हणे दुसऱ्या जिल्ह्यात उतरली.

"मी काय सांगितलं होतं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"चुकलं, मॅडम. पण ती आलीय. फाटकाशी आहे."

ती आली. बाईंनी विचारलं, तशी उभ्याउभ्या सगळं बोलली. रंग, शाळा, मशीन. बोलायची सवय नव्हती, म्हणून अडखळत. पण कुणी घाई केली नाही.

"तुमचं म्हणणं?" बाईंनी भोंग्याकडे पाहिलं.

"ती म्हणते तसंच आहे, मॅडम."

"अर्ज मंजूर."

बाहेर कारकून चरफडला, "हातात आलेलं घालवलंस."

"हातात काय होतं रे?" भोंगा म्हणाला. "ती तर फाटकाशी होती."

ती पायऱ्या उतरत होती. तो मागून गेला, दोन पायऱ्या वरच थांबला.

"जेवलात का?" तिने न वळता विचारलं.

"हो."

"खोटं."

त्याने पायातल्या चपलेकडे पाहिलं. "फाटकापर्यंत येऊ का?"

ती वळली. हे वाक्य ह्याच माणसाच्या तोंडून आलं का, याची खात्री करून घेत राहिली. मग म्हणाली, "या. फाटकापर्यंतच."

अंगण ते केवढं. पण ज्यांनी पाहिलं ते शपथेवर सांगतात, की ते ओलांडायला दोघांना अख्खी दुपार लागली. ऊन शिलालेखावरून सरकत भिंतीवर चढलं, तरी ती जोडी निम्म्यातच. फाटक आलं तेव्हा ती बाहेर पडली. तो आत, गजाला धरून, ती वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्याने मारली नाही.